बाटलीच्या पाठीवरचे आकडे वाचा

वाचकांचे प्रश्न : शीतपेये आणि साखरेऐवजी वापरले जाणारे गोड पदार्थ

उन्हाळा तोंडावर आला म्हणून गेल्या अंकात या विषयावर प्रश्न मागवले होते. इंदूरच्या सगळ्या भागांतून पत्रे आली. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करून निवडक प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत. आहारतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ आणि दंतवैद्य अशा तिघांनी मिळून ती लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे फ्रिजमध्ये कोलाची दोन लिटरची बाटली कायम असते. जेवताना मुले (वय ९ आणि १३) एकेक ग्लास घेतात. हे म्हणतात, एका ग्लासाने काय होतंय? खरंच किती साखर पोटात जाते? – एक गृहिणी, सुदामा नगर

बाटली फिरवून मागचा पोषणतक्ता बघा. त्यात 'टोटल शुगर्स' आणि 'अ‍ॅडेड शुगर्स' अशा दोन ओळी असतात आणि समोरचा आकडा बहुतेक वेळा १०० मिलिचा असतो. साध्या कोलात तो १० ते ११ ग्रॅमच्या आसपास भरतो. आता तुमचा ग्लास मोजा. घरातला स्टीलचा नेहमीचा ग्लास २०० ते २५० मिलिचा असतो, म्हणजे एका ग्लासात २० ते २७ ग्रॅम साखर. चहाच्या चमच्याने सपाट मोजली तर चमचाभर साखर ४ ग्रॅम भरते. त्या हिशेबाने पाच ते सहा-सात चमचे झाले. एकदा मुलांसमोर बशीत तेवढे चमचे काढून ठेवा, वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दोन लिटरच्या अख्ख्या बाटलीत २१० ग्रॅमच्या आसपास साखर असते, पाव किलोच्या पुडीपेक्षा चाळीसएक ग्रॅम कमी.

इतकी साखर घातलेला चहा कोणी तोंडात धरणार नाही. कोला मात्र सहज जातो, कारण थंडपणामुळे जिभेला गोडी कमी जाणवते आणि आम्लामुळे ती झाकली जाते. हाच कोला ग्लासात ओतून दोन-तीन तास बाहेर ठेवा. गॅस उडाला, कोमट झाला की चाखून बघा. पाकासारखा लागतो.

तक्त्यात आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. शेजारी जी टक्केवारी छापतात, ती आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दिवसाला ५० ग्रॅम वरच्या साखरेच्या मानाने काढलेली असते. म्हणजे '४० टक्के' दिसले तर २० ग्रॅम समजायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी : वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमले तर ५ टक्क्यांच्या आत. मोठ्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. मुलांच्या बाबतीत अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट आकडे दिले. २ ते १८ वर्षांच्या मुलांना दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी साखर आणि गोड पेय आठवड्याला २४० मिलिपेक्षा जास्त नको. तुमच्या घरात आठवड्याचा तो वाटा एका जेवणात संपतो. दूध, बिस्किटे, जॅम यांतली साखर अजून मोजलेलीच नाही.

पातळ साखरेचा त्रास वेगळा का, तेही सांगतो. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज आणि निम्मा फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज शरीरभर वापरले जाते, फ्रुक्टोजचा निपटारा मात्र मुख्यतः यकृतात होतो. पोळी-भाजीसोबत हळूहळू आलेली साखर यकृत सांभाळून घेते. ग्लासभर साखरपाणी काही मिनिटांत येऊन धडकले आणि रोजच येऊ लागले, की जास्तीच्या फ्रुक्टोजची चरबी बनते. फॅटी लिव्हर, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि वाढलेले युरिक अ‍ॅसिड ही त्याच वाटेवरची ठिकाणे. शिवाय प्यायलेल्या उष्मांकांनी पोट भरल्यासारखे वाटत नाही, म्हणून पुढची पोळी कमी होत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या. रोज एक-दोन गोड पेये घेणाऱ्यांना, क्वचित किंवा कधीच न घेणाऱ्यांपेक्षा, टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी जास्त दिसला. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज १० कोटींहून अधिक मधुमेही असा आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

मोठी बाटली घरात आणणे थांबवा, हा आमचा पहिला सल्ला. वाढदिवसाला, लग्नात मुले पितील, पिऊ द्या. फ्रिज उघडला की समोर दिसणारी वस्तू मात्र रोजची होते. आंब्याच्या पेयांकडे वळवू नका. त्यांत १०० मिलिला १२ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे कोलापेक्षाही जास्त.

प्रश्न : बाटलीपेक्षा उसाचा रस किंवा आपली इंदुरी शिकंजी बरी ना? – एक आजोबा, रामबाग

आजोबा, फॉस्फोरिक आम्ल आणि कॅफिन टळते एवढ्यापुरती बरी. साखरेच्या हिशेबात उसाचा रस कोलाच्या पुढे जातो. १०० मिलिला १२ ते १५ ग्रॅम धरली, तर २५० मिलिच्या ग्लासात ३० ते ३७ ग्रॅम झाली. मधुमेह नसेल तर आले-लिंबू पिळलेला अर्धा ग्लास, बर्फ न घालता, आठवड्यातून एकदा घ्यायला हरकत नाही. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे कळत नाही आणि उन्हाळ्यातल्या जुलाबांचे मूळ बरेचदा त्यातच असते.

इंदूरची शिकंजी म्हणजे इतर गावांतले लिंबूपाणी नव्हे, हे इथल्यांना सांगायला नको. आटवलेले दूध, साखर, केशर, सुकामेवा असा तो ऐवज. तिला पेय न म्हणता पक्वान्न म्हणा आणि त्या दिवशी जलेबी टाळा. रोजच्या तहानेला ताक घ्या, किंवा उकडलेल्या कैरीचे पन्हे : २०० मिलिच्या ग्लासाला दोनच चमचे साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मीठ. रक्तदाब असेल तर मीठही नको.

प्रश्न : 'झिरो' म्हणजे बिनसाखरेच्या पेयांना गोड करणाऱ्या अ‍ॅस्पार्टेमने कॅन्सर होतो असा मेसेज फिरतो आहे. त्यात जागतिक आरोग्य संघटनेचे नाव आहे. खरे काय? – एक वाचक, राजेंद्र नगर

मेसेजमागे खरी घटना आहे, पण अर्धीच सांगितलेली. १४ जुलै २०२३ रोजी दोन निकाल एकाच दिवशी जाहीर झाले. कर्करोगाच्या कारणांचा अभ्यास करणाऱ्या, संघटनेच्याच संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला '२ बी' गटात टाकले. या गटाचा अर्थ 'कर्करोगाशी संबंध असू शकतो, पुरावा मर्यादित आहे' असा. यकृताच्या कर्करोगाबाबतच्या मोजक्या पाहण्यांवरून हे ठरले. अख्ख्या पानापासून काढलेला कोरफडीचा अर्कही याच गटात आहे. ही संस्था एखादी वस्तू मुळात अपाय करू शकते का एवढेच पाहते. किती घेतल्यावर, हे ती पाहत नाही.

ते पाहण्याचे काम अन्नातल्या मिश्रकांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीचे. तिने त्याच दिवशी जुनी मर्यादा कायम ठेवली : शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम. आता हिशेब करू. ७० किलोच्या माणसासाठी ही मर्यादा २,८०० मिलिग्रॅम होते. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरले, तर दिवसाला ९ ते १४ कॅन प्यायल्यावर ती ओलांडली जाते. चहातल्या गोळीत साधारण १८ ते २० मिलिग्रॅम असते, नेमका आकडा डबीवर छापलेला असतो. ६० किलोच्या बाईंना मर्यादा गाठायला रोज १२० गोळ्या लागतील. मात्र २० किलोच्या मुलाची मर्यादा ८०० मिलिग्रॅम, म्हणजे तीन-चार कॅन. मुलांना ही पेये देऊच नयेत असे आम्ही म्हणतो, त्यामागे हे एक कारण आहे. दुसरे कारण असे की गोडाची पट्टी लहानपणी बसते आणि ती नंतर खाली आणणे फार जड जाते.

अ‍ॅस्पार्टेम ज्यांना सक्त मना आहे असा एक लहान गट आहे. 'फिनाइलकीटोनुरिया' हा जन्मजात आजार असलेल्यांच्या शरीरात फिनाइलअ‍ॅलनिन हा प्रथिनांतला घटक साठते आणि मेंदूला इजा करते. अ‍ॅस्पार्टेम पोटात फुटल्यावर फिनाइलअ‍ॅलनिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि थोडे मिथेनॉल सुटते. वेष्टनावरची सूचना त्यांच्यासाठी असते. मिथेनॉलच्या नावाने इतरांनी घाबरू नये, टोमॅटोच्या रसातूनही ते मिळते.

पेयात नेमके काय घातले आहे ते घटकांच्या यादीतल्या आकड्यांवरून ओळखता येते. ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम-के, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हियाचा अर्क. बहुधा दोन-तीन एकत्र घालतात, कारण प्रत्येकाची मागे राहणारी चव वेगळी असते आणि एक दुसऱ्याची कडवट छटा झाकतो. सॅकरीन यांतले सर्वांत जुने, १८७९ सालचे. उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्यामुळे अमेरिकेत १९७७ पासून त्यावर इशारा छापत. तो परिणाम उंदरांच्या लघवीच्या विशिष्ट घडणीमुळे होतो आणि माणसात तसे घडत नाही, हे स्पष्ट झाल्यावर २००० मध्ये इशारा काढला. सुपारी आणि पानमसाला खाणाऱ्यांच्या पोटात हेच जाते. तिथे मात्र घाबरायचे ते सुपारीला, तिचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध पक्का सिद्ध आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या क्रेटमधली 'झिरो' बाटली घेऊ नका. उष्णतेने अ‍ॅस्पार्टेम फुटते आणि चव फिकी पडते. ज्या पेयात सोडियम बेंझोएट (२११) आणि क जीवनसत्त्व (३००) दोन्ही असतात, त्यात ऊन-उष्णतेने बेंझिनचे अंश तयार होऊ शकतात. बंद गाडीत पडून राहिलेली बाटलीही टाकून द्या.

प्रश्न : मला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. चहात गोळी आणि दुपारी एक झिरो पेय घेते. डॉक्टर चालेल म्हणतात. मुलगी म्हणते, 'आई, आरोग्य संघटनेनेच हे बंद करा म्हटलंय.' कोणाचं ऐकू? – वय ५८, लोकमान्य नगर

दोघांचेही बरोबर आहे. मे २०२३ मधली ती शिफारस वजन कमी करण्यासाठी हे पदार्थ वापरणाऱ्यांबद्दल आहे. काही महिन्यांच्या चाचण्यांत थोडे वजन उतरते, पण वर्षानुवर्षे पाहिल्यावर फायदा दिसत नाही, म्हणून 'यावर विसंबू नका' असा तिचा आशय. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, असे त्यातच लिहिले आहे.

तुमच्या चहातली गोळी साखर वाढवत नाही, ती चालू ठेवा. दुपारचे पेय मात्र एक दिवसाआड करा, मग आठवड्यातून एकदा, आणि मधल्या दिवशी लिंबू पिळलेला साधा सोडा घ्या. इस्रायलमध्ये २०२२ साली १२० निरोगी माणसांवर झालेल्या चाचणीत दोन आठवडे सॅकरीन किंवा सुक्रालोज घेणाऱ्यांच्या आतड्यातले जंतू बदलले आणि काहींच्या शरीराचा ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद बिघडला. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच. म्हणून घाबरून जायचे कारण नाही, पण रोजचा रतीबही लावू नये.

'शुगर फ्री' मिठाईपासून जपून राहा. काजूकतलीतून साखर गेली तरी काजू तेवढाच राहतो. बिस्किटांत माल्टिटॉल (९६५) असेल तर साखर थोडी वाढतेच, आणि सॉर्बिटॉल (४२०) एका वेळी २०-३० ग्रॅमच्या वर गेले की पोट फुगते, जुलाब होतात. गोळीऐवजी पावडरची पुडी वापरत असाल तर घटक वाचा. बहुतेक पुड्यांत भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असते, आणि त्यांनी रक्तातली साखर वाढते. एका पुडीने काही होत नाही, दिवसाला दहा झाल्या तर हिशेबात धरावे लागते.

आता जे विचारले नाही पण सांगणे गरजेचे आहे ते. तुम्ही इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल आणि कधी घाम, थरथर, धडधड सुरू झाली, मोजल्यावर साखर ७० च्या खाली आली, तर झिरो पेयाचा काहीही उपयोग नाही. घरच्यांनी घाईत चुकीची बाटली तोंडाला लावल्याने वेळ वाया जातो. १५ ग्रॅम साखर लागते : चार सपाट चमचे साखर पाण्यात ढवळून, किंवा १५० मिलि साधा, साखरेचा कोला. १५ मिनिटे थांबा, पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्या. सावरल्यावर पोळी किंवा बिस्किटे खा. जेवणासोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना मात्र साखरही चालत नाही, कारण ही औषधे तिचे पचनच लांबवतात. त्यांच्या पिशवीत औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

प्रश्न : मुलगा भंवरकुआच्या कोचिंगला जातो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. रात्री जागायला दोन-दोन एनर्जी ड्रिंक पितो. – एक आई, वैशाली नगर

या पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावे असा आपल्याकडचा नियम आहे. २५० मिलिच्या डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम असते, म्हणजे दीड-दोन कप चहाइतके, आणि वर २५ ग्रॅमच्या आसपास साखर. कॅफिन रक्तातून निम्मे उतरायला सरासरी पाच तास लागतात. रात्री अकराला डबा उघडला तर पहाटे चारला निम्मे अजून अंगात आहे. तो झोपला तरी झोप गाढ लागत नाही, आणि दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसायला तीच गाढ झोप लागते. सकाळी जड वाटते म्हणून पुन्हा डबा, असे चक्र बसते.

एकदम बंद केले तर दोन दिवस डोके दुखेल आणि तो पुन्हा डब्याकडे जाईल. आधी दोनाचा एक, तोही संध्याकाळी पाचच्या आत. तीन-चार दिवसांनी अर्धा, मग त्या जागी चहा. छातीत धडधड होते का, ते त्याला शांतपणे विचारा. होत असेल तर ईसीजी होईपर्यंत एकही डबा नको. दारूत मिसळून पिणे तर कटाक्षाने टाळायला हवे, कारण कॅफिनमुळे नशा चढल्याचे कळत नाही आणि माणूस जास्त पितो. गर्भवतींनी ही पेये घेऊ नयेत. त्यांनी चहा-कॉफीसकट दिवसाचे कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे.

प्रश्न : साखर नसलेल्या पेयाने दात किडणार नाहीत ना?

किडणार नाहीत, पण झिजतील. आम्लता पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र. दाताचे कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते. कोलाचा पीएच २.५ च्या आसपास असतो, आणि साखर काढली तरी फॉस्फोरिक आम्ल (३३८) किंवा सायट्रिक आम्ल (३३०) तसेच राहते. मसाला सोडा, लिंबू सोडा यांनाही हेच लागू. नुकसान ठरते ते किती वेळ दात आम्लात भिजले यावर. तासभर घोट-घोट पिणे सर्वांत वाईट, जेवणासोबत पिऊन मोकळे होणे त्यातल्या त्यात बरे. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका. मऊ पडलेले कवच ब्रशने खरवडले जाते, निदान अर्धा तास जाऊ द्या. झोपताना नको, रात्री लाळ कमी सुटते आणि आम्ल धुऊन काढायला तोंडात तेवढे काही नसते.

प्रश्न : जुलाब झाले की आमच्याकडे गॅस काढलेला लिंबू सोडा देतात. चालतो का?

देऊ नका, लहान मुलाला तर नाहीच. त्यात साखर फार आणि मीठ नाममात्र. घट्ट साखरपाणी आतड्यात गेले की शरीरातले पाणी तिकडे ओढले जाते आणि जुलाब वाढतात. ओआरएसची पुडी आणा. ती एक लिटरची आहे की २०० मिलिची, हे वाचून तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवा आणि २४ तासांत संपवा. अर्धी पुडी अंदाजाने घातली तर प्रमाण बिघडते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच. नावात 'ओआरएस' लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांवर अन्न प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, तरी घरात जुना खोका असेल तर तो रुग्णाला देऊ नका.

प्रश्न : पाडव्याला यजमानांसाठी बिनसाखरेचे श्रीखंड करायचे आहे. दर वेळी कोरडे आणि रवाळ होते. पुरणपोळीतही गोळ्या चालतील का? – एक आजी, नारायण बाग

आजी, चक्क्यात साखर मिसळली की ती पाणी सोडवते आणि त्यानेच श्रीखंड सैल, चकचकीत होते. साखर काढली की ते काम करणारे कोणी उरत नाही. म्हणून दही रात्रभर टांगण्याऐवजी चार-पाच तासच टांगा, चक्का ओलसर राहू द्या. अर्धा किलो चक्का आधी चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढून घ्या. मग तीन-चार मोठे चमचे गार दूध थोडे-थोडे घालत घोटा. नेहमीच्या साडेतीनशे-चारशे ग्रॅम साखरेच्या जागी सुक्रालोजची पावडर डब्यावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरू करा, चाखत वाढवा. एकदम घातली तर मागाहून कडवट लागते. केशर कोमट दुधात आणि चिमूटभर मीठ, दोन्हींनी गोडी उठून दिसते. यजमानांची साखर आटोक्यात असेल तर ५० ग्रॅम खरी साखर आणि बाकी पावडर असे मिश्रण सर्वांत छान जमते.

पुरणात गोळ्या घालू नका. अ‍ॅस्पार्टेम शिजवताना फुटते आणि गोडी जाते. सुक्रालोजही १२० अंशांच्या वर तापवू नये असे जर्मनीच्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये सांगितले आहे, आणि तवा त्याहून खूप तापतो. गुळाशिवाय पुरण बांधलेही जात नाही. त्यापेक्षा डाळीच्या निम्माच गूळ घालून तळहाताएवढी एक पोळी द्या, सोबत कटाची आमटी आणि तूप.

साखर टिकवण्याचेही काम करते, म्हणून हे श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवले तरी दोन दिवसांत आंबट होते. पाडव्यापुरतेच करा.